पवनेच्या उताराचा दाखला

भिमाजी भोते परंदवडीचा. कॉलेजात गेलेला गावातला पहिलाच, आणि त्यानं विषय घेतला तो तत्त्वज्ञान. बी.ए. झाल्यावर वकिलीकडं न वळता तो त्याच विषयात एम.ए.ला बसला, तेव्हा त्याच्या वडिलांनी, हौशीरामांनी, एवढंच विचारलं, "ह्यात शिकवत्यात तरी काय?"

"कुणाच्या सांगण्यावर इस्वास ठेवावा, आन् का ठेवावा, ते."

हौशीराम पागोटं सारखं करून बैल सोडायला निघून गेले.

१९३६ च्या मे महिन्यात त्याचे प्राध्यापक केळशीकर यांनी त्याला लोणावळ्याच्या आपल्या बंगल्यावर बोलावलं. सरांचं पुस्तक छापायला जायचं होतं आणि भिमाजीचं अक्षर सुरेख. त्यानं हस्तलिखिताची स्वच्छ प्रत काढावी, सुट्टीभर तिथंच राहावं, सरांची पुस्तकं वाचावीत, असं ठरलं. मित्र म्हणाले, नशीब काढलंस. भिमाजीच्या मनात मात्र पहिल्या दिवसापासून एकच खुपत होतं. पुण्यातली इतकी हुशार पोरं सोडून सरांनी आपल्यालाच का निवडलं?

बंगला तुंगार्लीच्या वाटेवर होता. सर विधुर. घर सांभाळायला झुंबरबाई होती, डोंगरावरच्या ठाकरवाडीतली. वीस वर्षं तीच स्वयंपाक करायची, तीच झाडलोट करायची. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी भिमाजीनं चौथं प्रकरण उतरायला घेतलं आणि दुसऱ्याच पानावर त्याचा टाक थांबला.

'वाटसरू नदीकाठी धुणं धुणाऱ्या बाईला उतार, म्हणजे नदी कुठून ओलांडावी ते, विचारतो,' सरांनी लिहिलं होतं, 'आणि तिच्या एका शब्दावर छातीइतक्या पाण्यात शिरतो. तो तिची परीक्षा घेत नाही. घेऊ म्हटलं तरी ज्या भाषेत घेणार ती भाषा त्यानं लहानपणी विश्वासानंच उचललेली असते. विश्वास आधीचा. संशय माणूस मागाहून शिकतो.'

हे त्याचं होतं. फेब्रुवारीत सरांना दिलेल्या निबंधात त्यानं हेच मांडलं होतं. ती धुणं धुणारी बाई म्हणजे त्याची आई, अंबूबाई. गावाजवळच्या पवना नदीच्या काठावर गुडघाभर पाण्यात उभी राहून ती परक्या माणसाला हात करून उतार दाखवायची, ते त्यानं लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला पवनेचा उतार कुठून सुचणार?

त्या दिवसापासून त्याला सगळंच निराळं दिसू लागलं. तो खोलीत गेला की सर कपाट लावून घेतात, असं वाटू लागलं. जेवताना सरांनी सहज विचारलं, "चौथं प्रकरण कसं वाटलं?" चौथंच का? तिसऱ्याचं कधी विचारलं नव्हतं. "चांगलं आहे," तो म्हणाला आणि सरांच्या तोंडाकडं बघत राहिला. सर शांतपणे भात कालवत होते. ही शांतताही त्याला साळसूदपणाची वाटली.

आपला निबंध सरांकडंच आहे, तो हाती लागला तर ओळीला ओळ लावून दाखवता येईल, असा विचार करून तो संधीची वाट पाहू लागला. दोन दिवसांनी सर सकाळी तळ्याकडं फिरायला गेले, तसं त्यानं अभ्यासिकेतलं कपाट उघडलं. एकेक गठ्ठा काढून चाळला. मग टेबलाचे खण पाहिले. शेवटी कोठीच्या खोलीतली जुनी पेटीही उपसली.

"काय हुडकताय, भाऊ?" दारात झुंबरबाई उभी होती.

"कायबी न्हाई, मावशी."

"न्हाई कसं? सकाळधरनं समदं घर उलथं केलंया."

"एक वस्तू घावंना झालीय. तुमी कुटं ठेवली न्हाई ना?"

बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण काय विचारलं. झुंबरबाईचा चेहरा उतरला. ती आत गेली, आपलं गाठोडं घेऊन आली आणि त्याच्यापुढं फरशीवर सोडलं. एक लुगडं, फणी, पानाची चंची, लेकीसाठी वाळवलेली मूठभर करवंदं. "बगा," ती म्हणाली. "नीट बगून घ्या. वीस वर्सात सायबानं मला आसं इचारलं न्हवतं."

"मावशी, मी तुमच्यावर—"

"काय हरवलंय, भिमाजी?" सर फिरून येऊन दारात उभे होते.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "माझा निबंध," तो म्हणाला. "फेब्रुवारीत दिलेला. तुमचं चौथं प्रकरण त्यातून घेतलेलं आहे."

सर काठी भिंतीला टेकवून खुर्चीत बसले. चिडतील, हाकलून देतील, असं भिमाजीला वाटत होतं. पण ते म्हणाले, "निबंध मी मार्चमध्ये वाचला आणि परीक्षकाकडं पाठवला. हे प्रकरण एप्रिलमध्ये लिहिलं. म्हणजे तू म्हणतोस ते घडलेलं असू शकतं. मला मात्र ते माझंच वाटत होतं."

इतक्या सरळ कबुलीची भिमाजीला अपेक्षा नव्हती. त्यालाच शंका आली, की ह्यातही काही डाव आहे. "असू शकतं म्हणजे काय?" त्यानं विचारलं.

"म्हणजे मला आठवत नाही. तू घरी जाऊन ये. तुझी टिपणं असतील ती आण. तोवर हे प्रकरण छापायला जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी पॅसेंजरनं तो तळेगावला उतरला आणि चालत परंदवडीला गेला. आई अंगणात तांदूळ पाखडत होती. त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही. "आये, तू नदीवर वाटसरूंना उतार दावायचीस, आठवतंय न्हवं?"

अंबूबाईचं सूप थांबलं. "मी? मी कवा? घरच्या सुनंनं परक्या बाप्याशी बोलायचं व्हय रं? ती तुजी आजी."

"न्हाई, तूच. हिरवं लुगडं नेसलेली."

"आजीचंच हिरवं लुगडं. मी मागं दगडावर धुनं आपटीत आसायची, डोईवर पदर घिऊन. तू माज्याच पाठीशी."

भिमाजी ओट्यावर बसला. इतकी वर्षं जपलेला आईचा तो हात आजीचा निघाला होता. मग बाकीचं आपलं कशावरून? तो उठला, माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली काढली आणि बी.ए.च्या पहिल्या वर्षापासूनच्या वह्या एकेक करून वाचायला बसला.

तिसऱ्या वहीत ते सापडलं. केळशीकर सरांचं व्याख्यान, १२ ऑगस्ट १९३३. त्याच्याच अक्षरात, सर सांगत होते तसं भराभर उतरलेलं: 'वाटसरू अनोळखी माणसाला वाट विचारतो. परीक्षा घेत नाही. भाषाच विश्वासानं शिकलेली. विश्वास आधी, संशय मागाहून.' समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'उदा. आमच्या नदीचा उतार. धुणं धुणारी बाई.' समासातला मजकूर तेवढा भिमाजीचा होता.

तो त्याच संध्याकाळी लोणावळ्याला परतला आणि वही सरांपुढं ठेवली. सरांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

"म्हणजे विचार माझा, तो तुला तुझा वाटला," ते म्हणाले. "नदी तुझी, ती मला माझी वाटली. दोघंही चोर, किंवा कुणीच नाही. तू तुझ्या निबंधात ऋण मानणारी एक ओळ लिही, मी पुस्तकात एक लिहितो."

"मला क्षमा करा, सर."

"मला तू निदान तोंडावर विचारलंस. तू गेल्यावर झुंबरबाई काम सोडून गेली. तिच्यासाठी कुठल्या पुस्तकात ओळ लिहिणार?"

सकाळी भिमाजी डोंगर चढून ठाकरवाडीवर गेला. झुंबरबाई आपल्या झोपडीच्या दाराशी बसून शेणी थापत होती. तिनं त्याला बसायला पाट दिला, पाण्याचा तांब्या दिला, पण वर पाहिलं नाही.

"घावलं का तुमचं?" तिनं विचारलं.

"घावलं, मावशी."

"कुटं हुतं?"

"माज्याच घरी. माज्याच पेटीत." त्यानं हात जोडले. "तुमच्यावर आळ घ्यायचं माज्या मनात न्हवतं. मी चुकलो. सायबांचे जेवणाचे हाल चाललेत. परत चला."

झुंबरबाईनं हात धुतले आणि पदराला पुसले.

"सायबासाठी यीन मी," ती म्हणाली. "तुमी आजून किती दिस हाय तितं?"

"परवा जाणार."

"मग मी तेरवा येते."

भिमाजीनं मान हलवली, तांब्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि उतरणीला लागला.