सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने

ऑगस्ट सरता सरता उत्तरेचा वारा सुटला, की नॉर्थ डकोटातल्या हॉगलंडांच्या परसात मोनार्क फुलपाखरे ॲशच्या झाडांवर मुक्कामाला उतरत आणि ऊन तापताच दक्षिणेची वाट धरत. यंदा तर फांद्या ओळखू येऊ नयेत इतकी ती आली होती.

संध्याकाळी सव्वाआठला डासनियंत्रण कचेरीतून लोर्नाचा फोन आला. “सर, खिडक्या लावून घ्या. नऊच्या आत विमान तुमच्याकडे येतंय फवारायला.”

“आज नको, लोर्ना. माझ्या झाडांवर हजारो फुलपाखरं बसलीत. उद्या दुपारी फवारा, तोवर ती जातील.”

“दुपारी? अहो सर, नियम तुमचाच ना! सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, मधमाश्या पेटीत परतल्यावर.”

नियम त्याचाच होता. सात वर्षांपूर्वी, नोकरीत असताना, कीटकशास्त्रज्ञ नॉरिस हॉगलंडने समितीपुढे आलेख मांडून तो मंजूर करून घेतला होता. संध्याकाळी मधमाश्या घरात असतात, हे त्याने सिद्ध केले होते. फुलपाखरांना घर नसते, हेही त्याला ठाऊक होते. फक्त त्या दिवशी सुचले नव्हते.

“मग उद्या रात्री फवारा.”

“तुमचे शेजारी डेलमर व्हेंटिलेटरवर आहेत, सर. डासांचाच ताप. आणखी एक दिवस थांबा, असं त्यांच्या बायकोला तुम्ही सांगता का?”

त्याने फोन ठेवला.

“मी हुसकावते त्यांना,” त्याची बायको व्हर्ना लांब दांड्याचा झाडू घेऊन निघाली.

“अंधारात ती उडत नाहीत. गवतात पडतील, एवढंच.”

“काय होणार नाही, तेवढं बरं तुला पाठ असतं!”

पाच-पन्नास गवतात पडली. व्हर्ना परतली आणि तिने खिडकी लावून घेतली.

विमान दोनदा घरावरून गेले. कसलाही वास आला नाही. अंगणातल्या दिव्याच्या उजेडात तुषार क्षणभर धुक्यासारखे दिसले आणि विरले. दहाएक मिनिटे झाडे निश्चल होती. मग एका फांदीवर पंख थरथरले, पाठोपाठ शेजारच्या, आणि बघता बघता सगळे झाड केशरी रंगाने फडफडू लागले.

“नॉरिस, बघ! जागी झाली! उडतायत रे, उडतायत!” व्हर्नाने त्याचा दंड घट्ट धरला.

ते औषध मज्जातंतूंवर काम करते. ही थरथर त्याने प्रयोगशाळेत शेकडो वेळा पाहिली होती, थांबेपर्यंत घड्याळ लावून मोजली होती.

“हो,” तो म्हणाला.