कोऱ्या रकान्यातलं पाणी

"सांगितलं तर कोणाचा विश्वास बसणार नाही," असं म्हणत भाच्यानं मावशीच्या दुकानातलं स्टूल पुढे ओढलं. त्याची ही सुरुवात नेहमीचीच. लहानपणी याच स्टुलावर बसून त्यानं मांजराला पोहायला शिकवल्याची हकीकत रंगवली होती, आणि ते मांजर तेव्हा शेजारीच कोरडंठाक झोपलेलं होतं.

मावशी शिलाई मशिनं दुरुस्त करायची. नदीकाठच्या गल्लीत पत्र्याच्या शेडांची रांग, त्यात तिचं दुकान. एका अंगाला गाद्या भरणारा, दुसऱ्या अंगाला मेलेल्या बॅटऱ्यांत जीव घालणारा. भाचा मात्र शहराच्या मोठ्या कचेरीत बसून कॉम्प्युटरवर पूर आणायचा. हवामान असंच बिघडत गेलं तर नदी कुठवर चढेल आणि शहराचा धंदा किती बुडेल, याचं गणित त्याच्याकडे होतं. त्यासाठी सगळं शहर त्यानं लहान लहान चौकटींत चिरलं होतं. जिथं नुकसान मोठं, त्या चौकटी पूरभिंतीच्या आत घ्यायच्या, असं ठरलेलं.

गंमत अशी, की गल्लीच्या चौकटीत पाणी कमरेला लागायचं तरी नुकसान काहीच नाही. पलीकडच्या गोदामांत मात्र घोटाभर शिरलं, की नकाशा लालबुंद. भाच्यानं पुष्कळ डोकं खाजवलं, तेव्हा कुठं उमगलं. शेडांची दप्तरात नोंदच नव्हती. आणि माहिती नसलेल्या रकान्यात शून्य भरून मोकळं व्हायचं, ही कचेरीतली जुनी खोड. कोऱ्या रकान्यापाशी कॉम्प्युटर अडून बसतो. शून्य दिलं की मुकाट पुढे जातो. अशा रीतीनं मावशी, गादीवाला, बॅटरीवाला सगळे जितेजागते शून्यात जमा झाले, आणि भिंतीची रेघ गल्लीला नदीच्या पदरात टाकून गोदामांना कवेत घेत निघून गेली.

हे मावशीला ठाऊक होतं. भाच्यानंच सांगितलं होतं. आज भिंत ठरवणाऱ्या समितीची सभा होती, सोमवारी रेघेवर सही. सही झाली की भिंत हलणार नव्हती. ती शून्यं खरी नाहीत, एवढंच कोणीतरी उठून सांगायला हवं होतं.

"मग?" मावशीनं हातातला स्क्रू ड्रायव्हर न थांबवता विचारलं.

मग काय, भाच्याची गाडी सुटली. तो म्हणे भर सभेत उठला. सगळ्यांदेखत शून्यं पुसली आणि गल्लीत खरोखर काय काय चालतं ते भरलं. बटण दाबायचा अवकाश, पडद्यावरचा नकाशा गल्लीच्या बाजूला कलला. एवढ्या मशिनांचं वजन, कलणारच! त्यामागून टेबल कललं. फायली, चष्मे, बिस्किटांची बशी, सगळं त्या कोपऱ्याकडे घरंगळू लागलं. तांब्यातलं पाणी थेट मुख्य अभियंत्यांच्या मांडीवर गेलं, आणि त्याला म्हणे चक्क नदीच्या गाळाचा वास येत होता. अध्यक्ष खुर्चीसकट निघाले, तेव्हा दोघांनी त्यांना कोटाला धरून ठेवलं. तशा लोंबत्या अवस्थेत त्यांनी पेन्सिल मागवली आणि रेघ वाकवून गल्ली आत घेतली.

एव्हाना गादीवाला हातात कापूस घेऊन दारात उभा राहिला होता. तो पोट धरून हसला आणि अध्यक्षांचा कोट फाटला की नाही, याची चौकशी करू लागला. शिवण उसवली फक्त, असं भाच्यानं तत्परतेनं सांगितलं. सांगताना तो गादीवाल्याकडे बघत होता, सुयांच्या डबीकडे बघत होता, छताच्या पत्र्याकडेही बघून झालं. मावशी समोरच बसली होती, पण नजर काही तिच्यापर्यंत पोचत नव्हती.

मावशीनं मशिनचं चाक एकदा फिरवून पाहिलं. चिंधीला तेलाचे हात पुसले.

"टेबल कललं असेल," ती म्हणाली. "अध्यक्ष खुर्चीसकट घसरले असतील, तेही मानते मी. पण चार साहेबांसमोर तू उठून बोललास, ही थाप आहे, बाळा."