ऊबदार खोलीतलं हसू

आरोग्य खात्याच्या इमारतीत तळमजल्यावर एक लांबट खोली आहे. एरवी तिथे लहान मुलांना लसी टोचतात. थंडी पडली की बाळांची वजनं करायचा काटा कोपऱ्यात सरकवतात, खुर्च्या गोल मांडतात, दोन मोठे हीटर लावतात आणि दारावर पाटी येते : 'ऊबदार खोली. साठीच्या पुढच्या सर्वांसाठी. सकाळी या, संध्याकाळपर्यंत बसा.' भिंतीवरची रंगीत फुलपाखरं तशीच राहतात. पाटीच्या खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ असते : 'खोकला असल्यास कृपया घरीच थांबावे.'

त्या ओळीत चूक काही नव्हती. आदल्या हिवाळ्यात एकाचा खोकला सगळ्या खोलीने घेतला होता आणि काही खुर्च्या कायमच्या रिकाम्या झाल्या होत्या. तेव्हापासून खात्याने नियम केला. कोणी खोकताना आढळलं की त्याला औषधाची बाटली आणि 'घर उबदार ठेवा' असं छापलेलं पत्रक देऊन घरी पाठवायचं. कोणाला न्यूमोनिया निघाला तर खोली उरलेला हिवाळा बंद. नियम विचार करूनच केला होता. फक्त तो करणाऱ्यांची घरं उबदार असावीत.

वन्सं आणि वहिनी या खोलीत पहिल्या दिवसापासून येत. वन्संनी लग्न केलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. वहिनी त्यांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि या दोघी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकमेकींना टोमणे मारत राहत होत्या. वहिनी त्यांना वन्सं म्हणत म्हणून सगळी खोलीच त्यांना वन्सं म्हणू लागली, आणि वन्सं वहिनी म्हणत म्हणून सगळी खोली वहिनी म्हणू लागली.

"एवढे दीर असतात हे आधी कळलं असतं तर मी लग्नाला उभीच राहिले नसते," वहिनी म्हणत.

घरी ऊब यावी म्हणून गरम पाण्याचा पाइप भिंतीतून फिरवलेला होता. त्याला हात लावला तर नुकतंच मांजर उठून गेलेल्या उशीएवढा तो कोमट लागे. स्वयंपाकघराच्या खिडकीची चौकट कुजली होती. फटीत वन्संनी जुने मोजे कोंबले होते. रात्री दोघी स्वेटरवर स्वेटर घालून झोपत आणि सकाळी खोली उघडायच्या आधीच दारात जाऊन उभ्या राहत.

खोलीतल्या बहुतेकांचं असंच होतं. त्यामुळे थंडी वाढल्यावर मास्तरांना, म्हणजे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या गृहस्थांना, जेव्हा पहिल्यांदा खोकल्याची उबळ आली तेव्हा सगळे गप्प झाले. मास्तरांनी तोंडावर रुमाल दाबला. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं. खोली सांभाळणारी सिस्टर पलीकडे एका बाईचा रक्तदाब बघत होती. ती वळणार एवढ्यात शेजारच्या खुर्चीतल्या सुतारकाकांनी मोठ्याने एक विनोद सांगितला. विनोद टाकाऊ होता. पण सगळे मोठमोठ्याने हसले, आणि त्या हसण्याखाली मास्तरांनी पोटभर खोकून घेतलं.

तिथून ती पद्धत पडली. कोणी ठरवली नाही. उबळ येतेय असं वाटलं की माणसाने डावा कान खाजवायचा. सुतारकाका लगेच काहीतरी सांगायचे, आणि हसू फुटायचं. खोकणारा त्यात खोकून घ्यायचा. ज्याला खोकला नव्हता तोही जीव तोडून हसायचा, कारण उद्या त्याचा कान खाजणार होता.

"काका, हा तुम्ही परवा सांगितलात," वहिनी म्हणायच्या.

"मग परवासारख्याच हसा की. नवीन विनोद चावायला दात लागतात, तुमचे गेलेत."

"दात गेलेत, जीभ आहे. सांभाळून बोला."

एकदा आरोग्य अधिकारी पाहणीला आले. खात्यात सगळे त्यांना साहेब म्हणत. ते दारात उभे असतानाच दोघांचे कान एकदम खाजले आणि खोली हास्याने दणाणली. साहेब थक्क झाले. त्यांनी सोबतच्या माणसाला फोटो काढायला लावले. एकटेपणा हाच हिवाळ्यातला खरा आजार आहे असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांना इथे डोळ्यांसमोर सिद्ध होताना दिसलं. पुढच्या आठवड्यात दारावर नवी पाटी आली : 'हसरी खोली'. इतर वस्त्यांतल्या सिस्टर बघायला येऊ लागल्या. इथल्या सिस्टरचं कौतुक झालं. कौतुक चाललेलं असताना ती भिंतीवरच्या फुलपाखरांकडे बघत होती, असं निदान वन्संना वाटलं.

मग वहिनींचा खोकला सुरू झाला.

आधी बारीकसा होता. वहिनी गालात खडीसाखर धरून बसत आणि दिवसातून एखाद्या वेळी कान खाजवत. नंतर कान खाजवणं इतकं वाढलं की सुतारकाकांचे विनोद संपत आले. ते अर्धाच विनोद सांगत आणि माणसं शेवटाची वाट न बघता हसत. हसताहसता सगळे वहिनींकडे बघायचं टाळत. साहेब पुन्हा येऊन फोटो काढवून गेले तेव्हाही हेच चाललं होतं. दिवसभर दाबलेला खोकला संध्याकाळी घरी आल्यावर बाहेर पडे. जिन्यातच सुरू होई. वहिनी दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभ्या राहत, आणि वन्सं दोघींच्या पिशव्या घेऊन एक पायरी खाली थांबत. मागे पडल्या तर धरता याव्यात म्हणून.

"वहिनी, उद्या सिस्टरला सांगूया."

"सांगा. मग मी इथे पडते या बर्फाच्या पेटीत, आणि तुम्ही तिथे जाऊन हसा."

"मीही राहीन घरी."

"हो, म्हणजे दोघी जाऊ. तुमच्या भावाला आवडेल, त्याला कंपनी लागायचीच."

"थट्टा नको. तुझे ओठ बघ आरशात. निळे पडलेत."

"या वयात रंग लावला तर लोक नावं ठेवतात. आपोआप आला तर येऊ दे." आणि मग, पलंगावर बसून बूट काढताना, थट्टा सोडून त्या म्हणाल्या, "वन्सं, तिथे नुसती ऊब नाही हो. तिथे माणसं माझ्यासाठी हसतात. माझ्यामुळे खोली बंद झाली तर मास्तर कुठे जातील? त्यांच्या घराला तर पाइपही नाही. तुम्ही काही बोलणार नाही. माझ्या गळ्याची शपथ."

"त्या गळ्याची काय शपथ घालतेस. त्यातून आवाज येत नाही धड."

वहिनी हसल्या, आणि हसण्यातून पुन्हा उबळ आली. त्या रात्री वन्संनी आपली रजई त्यांच्या अंगावर घातली आणि आपण ओव्हरकोट घालून खुर्चीत बसल्या. वहिनींच्या छातीतून ओल्या कापडात काहीतरी घुसळल्यासारखा आवाज येत होता. आपण ऐकतोय ते खरंच तेवढं वाईट आहे, की आपल्याला भीती वाटतेय म्हणून तसं ऐकू येतंय, हे वन्संना ठरवता येईना. जन्मभर दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून त्यांनी काचा घासल्या होत्या. इथे बघून भागत नव्हतं.

सकाळी वहिनी हट्टाने खोलीत आल्या. येऊन खुर्चीत बसल्या त्या मान टाकूनच. दुपारी सूप वाटताना त्यांनी वाटी घेतली आणि ती मांडीवर तिरकी झाली. शेजारच्या माणसाने चटकन सावरली. सुतारकाकांनी न विचारताच विनोद सुरू केला.

वन्सं उठल्या आणि पलीकडे सिस्टरच्या टेबलापाशी गेल्या. सिस्टर कापसाचे बोळे डब्यात भरत होती. तिशीतली मुलगी, डोळ्यांखाली काळं झालेलं.

"सिस्टर, वहिनींना खोकला आहे."

सिस्टरने मान वर केली नाही. "वन्सं, मला कान आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे मला ऐकू येतं. पहिल्यापासून येतंय. मास्तरांचं, तुमच्या वहिनींचं, सगळ्यांचं. इतके वाईट विनोद कोणी उगाच ऐकतं का?" तिने डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "मी ऐकलं असं म्हटलं की मला कळवावं लागतं. कळवलं की डॉक्टर येतात. डॉक्टरांनी छाती तपासली की काय निघणार ते तुम्हाला माहीत आहे, मलाही आहे. मग उद्या सकाळी ही माणसं कुठे बसतील?"

"आणि वहिनी?"

मागे खोली हसत होती. आता त्या हसण्यात सुतारकाकांचा स्वतःचाच आवाज जास्त होता.

"वन्सं," ती अगदी हळू म्हणाली, "तुम्ही मला सांगताय, की नुसत्या बोलताय? नुसत्या बोलत असाल तर मी काही ऐकलेलं नाही. माझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडून गुपचूप गोळ्या आणते. कदाचित बऱ्या होतील."

"आणि कदाचित?"

"कदाचित नाही."

वन्संनी मागे वळून बघितलं. वहिनी त्यांच्याकडेच बघत होत्या. बोलायचं बळ नव्हतं, पण मान हलवून त्या नाही म्हणत होत्या. एकदा, आणि पुन्हा एकदा. मास्तर हातातला रुमाल उलगडत आणि घडी करत होते.

"सांगतेय," वन्सं म्हणाल्या.

पुढचं फार लवकर झालं. डॉक्टर आले, लसींच्या फ्रिजशेजारी पडदा ओढून त्यांनी वहिनींची छाती तपासली, आणि गाडी बोलावली. वहिनींना उचलून नेताना त्या वन्संकडे बघत नव्हत्या. माणसं कोट घालायला लागली. कोणी रागावलं नाही. मास्तर बटणं लावताना म्हणाले, "बरोबर केलंत. मीही हेच केलं असतं." मग शेवटचं बटण लावून म्हणाले, "मी केलं नसतं, पण तुम्ही बरोबर केलंत." सुतारकाका तेवढे काही न बोलता गेले. सिस्टरने हीटर बंद केले.

हॉस्पिटलातला वॉर्ड छान गरम होता. वहिनींना नाकावर नळी लावली होती. पहिल्या दिवशी त्या डोळे मिटून होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "बंद झाली?"

"तू तिचा विचार करू नकोस."

"झाली म्हणजे." त्यांनी चादर छातीपर्यंत ओढली. "वन्सं, मी तुम्हाला नको म्हटलं होतं."

"हो."

"उशीर झाला असं ते डॉक्टर म्हणत होते. त्यांना वाटलं मी झोपलेय. आठवडाभर आधी आणायला हवं होतं म्हणाले." त्यांनी श्वास घेतला. तो घेताना त्यांना फार कष्ट पडले. "म्हणजे आपली खोलीही गेली आणि मीही. हिशेब तुम्हाला कधी जमलाच नाही."

हे त्या चिडून म्हणाल्या की थट्टेने, ते वन्संना कळलं नाही. चेहऱ्यावरून कळेल म्हणून त्या पुढे वाकल्या, पण वहिनींनी तोंड भिंतीकडे केलं होतं. विचारायचं राहूनच गेलं, कारण त्यानंतर वहिनी काही बोलल्या नाहीत, आणि पुढच्या सकाळी वन्सं वॉर्डमध्ये पोचल्या तेव्हा त्यांच्या रिकाम्या पलंगावर नवी चादर घालत होते.

थंडी अजून बरीच बाकी होती. खात्याने खोलीऐवजी घरोघर भेटी सुरू केल्या. एका दुपारी सिस्टर वन्संच्या दारात आली. आत येऊन तिने टेबलावर पत्रक ठेवलं, हातमोजे काढले, पिशवीतून तापमान मोजायचं छोटं यंत्र काढून खोलीच्या मधोमध धरलं, आणि आकडा बघून एका कागदावर लिहिला.

"किती आहे?" वन्संनी विचारलं.

"कमी आहे."

"ते मलाही माहीत आहे. लिहून काय होतं?"

"वर जातं."

"मग?"

"मग तिथे असतं."

वन्संनी चहा ठेवला. सिस्टर कोट न काढता वहिनींच्या पलंगाच्या कडेला बसली. तिथे बसू नये हे तिला ठाऊक नव्हतं, आणि वन्संनी सांगितलंही नाही.

"मास्तरांकडे गेले होते," सिस्टर म्हणाली. "दार उघडत नाहीत. आतून आवाज येतो, 'मी बरा आहे.' सुतारकाका तर आवाजही देत नाहीत. दिवा दिसतो खिडकीत, म्हणून आहेत असं धरते." तिने कप दोन्ही हातांत धरला. "पुढच्या हिवाळ्यात खोली पुन्हा उघडणार म्हणतात. साहेबांनी तिचे फोटो मोठे करून ऑफिसात लावलेत. वहिनी पहिल्याच रांगेत आहेत. हसताहेत."

"खोकतेय ती," वन्सं म्हणाल्या.

"हो."

चहा लगेच गार झाला. बाहेर दिवे लागले. सिस्टरला अजून पुष्कळ दारं वाजवायची होती आणि ती कुठली कुठली आहेत ते तिला पाठ होतं. वन्संनी खिडकीतला मोजा आणखी आत दाबला आणि येऊन तिच्या शेजारी बसल्या. निघते, असं सिस्टर म्हणाली. पण ती उठली नाही, आणि वन्संनीही तिला उठवलं नाही.