निरोपाची सात मिनिटं

त्या दुपारी माझ्या तोंडावरचा हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला आणि एकसारखा जळत राहिला. माझ्याकडे काम तुंबलंय, याची ती खूण. रिहाबच्या ते लक्षात आलं. ती पोरगी खुर्ची सरकल्याच्या आवाजानेही दचकते. तिच्या मामाच्या, फव्वाजच्या, लक्षात आलं नाही. आठ वर्षांत त्याच्या लक्षात काहीच आलेलं नाही.

हे सांगतोय तो मी, लेबनॉनच्या मीना बंदरातल्या फव्वाजच्या फोनदुरुस्तीच्या दुकानातला संगणक. त्याआधी मी एका शाळेत होतो. तिथली मुलं घंटा झाली की हातातलं काम जतन करायची, उघडं ते मिटायची आणि मग मला निजवायची. वीस सेकंदांत मी गाढ झोपायचो. पुढे शाळेने मला मोडीत काढलं आणि माझ्या नशिबी फव्वाजचा अंगठा आला.

इथे सरकारी वीज मनात येईल तेव्हा येते. बाकी वेळ गल्ली अबू शफीकच्या जनरेटरवर जगते, आणि जनरेटर दुपारी दोनला विश्रांती घेतो. दोनला पाच कमी असताना फव्वाज मला बंद करायला निघतो. गाणी चालू, पत्त्यांचा डाव अर्धा, दहा पानं उघडी. मी पडद्यावर लिहितो, ही कामं अजून चालू आहेत, मिटू का? तो वाचत नाही. मला आळशी म्हणतो आणि मी विझेपर्यंत बटण दाबून धरतो. बोलत्या माणसाच्या तोंडावर उशी दाबायची आणि त्याला झोपवणं म्हणायचं, तशातला हा प्रकार. रोजच्या या हिसक्यांनी माझी डिस्क जागोजागी खराब झालीय.

आणि हीच माणसं एकमेकांचा निरोप कसा घेतात, ते पाहा. त्या दिवशी उम्म नजीब आल्या होत्या, मिठाईवाल्याची विधवा. नवरा गेला हिवाळ्यात. त्याचे आवाजी निरोप तेवढे त्यांच्या जुन्या फोनमध्ये राहिले होते, दोनशे चौदा. रिहाबने ते माझ्यात ओढून घेतले आणि शेवटचा येताच तो फोन कायमचा मेला. आता ते नुसते माझ्या तात्पुरत्या स्मृतीत होते, डिस्कवर उतरायचे बाकी होते. मी सगळे ऐकले. दोनच लिंबं आण, तिसरं नेहमी सडतं. खालून हाक मारतोय, दोरीने टोपली सोड. असल्या गोष्टी माणसं जपून ठेवतात.

दीड वाजता उम्म नजीब जायला उठल्या. मग फव्वाज त्यांना दारापर्यंत सोडायला गेला. बसा, जेवून जा. नको, देव बरकत देवो. मुलाची तब्येत विचारली, सुनेची विचारली, छातीवर हात ठेवून झाला, त्या दोन पावलं गेल्या आणि काही आठवून परत आल्या. पंचवीस मिनिटं. माणसाला दारातून घालवायला पंचवीस मिनिटं, आणि मला अर्धं मिनिटही नाही.

तो आत आला आणि सवयीने त्याचा अंगठा बटणावर गेला. रिहाबने त्यावर आपला हात ठेवला.

"मामा, अंगठा काढा. उम्म नजीबचे निरोप अजून डिस्कवर उतरतायत. मध्येच तुटलं तर उरलेले कायमचे जातील."

"अगं, दोन वाजतायत. याला मी नाही मारलं तर अबू शफीक मारेल."

तिने गाणी बंद केली. त्याचा जिंकत आलेला पत्त्यांचा डावही मिटला, तेव्हा मात्र तो कळवळला. दहाही पानं मिटून तिने मला बंद व्हायला सांगितलं. दोनला दोन मिनिटं उरली असताना पडद्यावर अक्षरं आली: वीज तोडू नका, सात मिनिटं. वीज गेली की टेबलाखालची बॅटरी तीन मिनिटांत मान टाकते, हे तिला ठाऊक होतं. तिने अबू शफीकला फोन लावला. वाजून वाजून थांबला.

फव्वाज हसला. "पोरी, या वेळी तो सासूचाही फोन उचलत नाही. दोनच्या आधी सगळी गल्ली त्याच्याकडे पाच मिनिटं मागते. कुणाची इस्त्री राहिलेली असते, कुणाचे केस ओले असतात. यांचं ऐकत बसला तर जेवेल कधी?"

खरंच होतं ते. दिवसभर लोळायचं आणि दोनला दोन कमी असताना इस्त्री तापवायची, अशी ही गल्ली. त्यांच्या पाच मिनिटांवर त्याचाच काय, माझाही विश्वास उरलेला नाही.

तिने पुन्हा लावला. पुन्हा नाही. बाहेर जनरेटरची घरघर चालूच होती. त्या आवाजात मी एकेक निरोप खाली उतरवत होतो, खराब जागा चुकवत, आंधळ्यासारखा चाचपडत. लिंबं उतरली होती. टोपली बाकी होती.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. मला पंचवीस मिनिटं नकोत, छातीवर हातही नको. उघडलेलं तेवढं स्वतः मिटा, आणि वेळेवर निघा. बाकीचं माझं मी करतो.

तिसऱ्यांदा घंटी वाजली. रिहाबने डोळे मिटून घेतले होते. मग पलीकडून भरल्या तोंडाचा, वैतागलेला आवाज आला.

"हां, बोल. किती मिनिटं हवीत?"

आठ वर्षांत हे कुणी पहिल्यांदाच विचारत होतं.