एकोणीस किलोचं गटिंग

नियाजभाईंचं दुकान बुधवार पेठेत, दोन्ही बाजूंना टीव्हीचे रिमोट आणि वायरी विकणारी दुकानं. त्यामुळे दिवसातून पाच-सहा गिऱ्हाइकं तरी चुकून आत येत आणि रिमोट मागत. नियाजभाई भिंतीवर टांगलेल्या रॅकेटींकडे बोट दाखवत आणि म्हणत, "यानं चॅनल बदलत नाही." टेनिसच्या रॅकेटीत तार भरायचं, म्हणजे गटिंगचं काम ते बत्तीस वर्षं करत होते. एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतः टेनिस एकदाच खेळून पाहिलं होतं. दम लागला म्हणून सोडून दिलं.

दर डिसेंबरात नदीकाठच्या एका क्लबवर बायकांची छोटी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरे. त्या आठवड्यापुरतं नियाजभाई आपलं मशीन रिक्षात घालून क्लबवर नेत. त्यांचं टेबल मागच्या व्हरांड्यात, पाण्याच्या कूलरशेजारी. तिथून कोर्ट दिसत नसे, फक्त ऐकू येई. त्यांना तेवढं पुरे होतं.

इटलीची लुचिल्ला फेराबोस्की त्या स्पर्धेला पहिल्यांदा आली तेव्हा बावीस वर्षांची होती. कमिटीतल्या मंडळींना नाव जमेना, म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी तिची सुशीला करून टाकली. तिनं तक्रार केली नाही. नियाजभाईंपुढे तिनं रॅकेट ठेवली आणि म्हणाली, "पंचवीस किलो."

हा आकडा तारेच्या ताणाचा. तार जितकी ताणून बसवावी तितका चेंडू हुकमी जातो, पण जोर सगळा खेळणाऱ्याच्या हाताला लावावा लागतो. सैल तार चेंडू आपणहून फेकते. हाताला आराम पडतो, पण चेंडू कुठं जाईल याचा भरवसा कमी होतो. पंचवीस किलो म्हणजे हातात दम असलेल्या मुलीचं गटिंग.

त्यानंतर ती आणखी दोनदा येऊन गेली. दुसऱ्या वेळी पंचवीसच. तिसऱ्या वेळी तेवीस. यंदा चौथ्यांदा आली ती तेहतीस वर्षांची होऊन. सोमवारी सकाळी तिनं तीन रॅकेटी टेबलावर ठेवल्या, इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाली, "एकोणीस."

नियाजभाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "नऊ आणि दहा, एकोणीस?"

"हो, मिस्टर नियाज. नऊ आणि दहा."

दोघंही इंग्रजीत बोलत. दोघांचंही इंग्रजी सारखंच मोडकं असल्यामुळे गैरसमज होत नसत.

जुनी तार कापायच्या आधी त्यांनी रॅकेट उजेडात धरली. तारा जिथं चेंडू लागतो तिथं झिजतात. हिची मधली झीज नेहमीसारखी होती, पण वरची बाजू कोरी होती. सर्व्हिस करताना चेंडू बहुतेक त्या वरच्या बाजूला बसतो. म्हणजे बाई महिनोन्महिने जोरात सर्व्हिस करतच नव्हत्या. उजवा खांदा गेलेला दिसत होता. नियाजभाईंनी तार कापली आणि एकोणीस किलोचं गटिंग केलं. त्यांना कुणी खांद्याबद्दल विचारलं नव्हतं.

त्या आठवड्यात ती रोज व्हरांड्यात येऊन बसे. एका खोलीत तिघी राहत होत्या आणि बाकीच्या दोघी दिवसभर फोनवर रडत असत, म्हणून. तिचे वडील फरशांच्या कारखान्यात कामाला होते, शनिवार-रविवारी तिला गाडीत घालून स्पर्धांना नेत. पंचविसाव्या वर्षी ती जगात एकशे सत्ताविसाव्या नंबरावर पोचली. "शंभराच्या आत गेलं की मोठ्या स्पर्धांत थेट घेतात," तिनं सांगितलं. "मी सत्तावीस जणींच्या मागे उभी राहिले. त्यातली एकही बाजूला झाली नाही." एकदाच पात्रता फेरीतून ती एका मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत गेली. अठ्ठावन्न मिनिटांत हरली. वडील दोन दिवस गाडी चालवून आले होते. ते बाथरूमला गेले तेवढ्यात पहिला सेट संपला होता. मग खांद्याचं ऑपरेशन, दीड वर्ष घरी, आणि पुन्हा शून्यापासून लहान गावांतल्या लहान स्पर्धा. हे सगळं ती बसच्या वेळापत्रकासारखं सांगत असे.

तिच्याजवळ ॲल्युमिनियमचं एक छोटं कॉफीचं भांडं होतं. जिथं जाईल तिथं ते बरोबर. त्यातली रबराची रिंग चिरली होती आणि पुण्यात तसली कुठं मिळत नव्हती. नियाजभाईंनी भांडं घरी नेलं. त्यांच्या बायकोनं, खातूननं, ते उलटंपालटं करून पाहिलं.

"एवढ्याशा भांड्यात कुणाचं भागतं?"

"एकटीच असते ती."

दुसऱ्या दिवशी तुळशीबागेत जाऊन खातूननं एक जाड रबरी चकती आणली, कात्रीनं कातरली आणि भांड्यात बसवली. डब्यात दोन शामी कबाब जास्तीचे घातले.

लुचिल्ला जिंकत गेली. कशी, ते व्हरांड्यातून ऐकू येत होतं. तिच्या चेंडूचा ठक्क असा आवाज येतच नव्हता. फस्स असा यायचा, मग समोरच्या मुलीचे धावते बूट, मग शांतता, मग टाळ्या. ती चेंडू कापून जाळीजवळ टाकत होती आणि विशीतल्या पोरी धापा टाकत धावूनही पोचत नव्हत्या. शुक्रवारी ती उपांत्य फेरीत गेली. तिथं तिच्यासमोर आली पुण्याचीच अक्षता, सतरा वर्षांची.

आता अक्षता म्हणजे नियाजभाईंच्या हाताखालून गेलेली. येरवड्याची. वडील पोस्टात. दहा वर्षांची असताना ती आईबरोबर बसनं बुधवार पेठेत आली होती, हातात मोठ्या माणसाची रॅकेट घेऊन. नियाजभाईंनी मूठ तासून, पट्टी गुंडाळून ती तिच्या हातात बसेल अशी करून दिली. त्यानंतर तिची एकही रॅकेट दुसऱ्या कुणी हाताळली नव्हती.

शुक्रवारी दुपारी तिचे कोच रावसाहेब व्हरांड्यात आले. कूलरमधून पाणी घेतलं. प्यायले नाहीत.

"नियाजभाई, त्या सुशीलाची सर्व्हिस फारच मऊ वाटते हो."

"असेल."

"कितीचं गटिंग करून घेते ती?"

"तुमच्या अक्षताचं तेवीस आहे."

"तिचं विचारतोय मी."

"ती विचारते कधीकधी, अक्षताचं किती ते. तिलाही सांगत नाही." हे खोटं होतं. लुचिल्लानं कधीच विचारलं नव्हतं.

रावसाहेबांनी खुर्ची ओढली. "हे बघा, खांदा दुखत असेल तर उंच चेंडू द्यायचे, एवढं साधं आहे. एक शब्द सांगा फक्त. आपली पोरगी आहे. सात वर्षं झाली तुम्हाला तिची रॅकेट भरून. ही बाई परवा विमानात बसेल, तुमचं नावही विसरेल."

"नाव लक्षात ठेवा असं मी कुणालाच म्हटलेलं नाही."

"पुढच्या वर्षी क्लबचं गटिंग कुणाला द्यायचं, ते कमिटी ठरवते, माहितेय ना?"

"ठरवू द्या. कमिटीला तरी काम काय असतं वर्षभर?"

रावसाहेब पाण्याचा पेला तसाच टेबलावर ठेवून गेले. नियाजभाईंनी तो उचलून कुंडीत ओतला. घरी जेवताना त्यांनी खातूनला सगळं सांगितलं.

"मग सांगायचं ना पोरीला," खातून म्हणाली. "आपली आहे."

"डॉक्टर सांगतो का एकाचं दुखणं दुसऱ्याला?"

"तुम्ही डॉक्टर कधी झालात?"

त्यांनी भाजी वाढून घेतली.

शनिवारी सकाळी अक्षता रॅकेटी न्यायला आली. तारांवर तळहात आपटून तिनं आवाज ऐकला. "मस्त आहे, काका." मग उभीच राहिली. नियाजभाईंना वाटलं, विचारलं तर सांगून टाकावं. "उंच मार," एवढे दोनच शब्द. तिनं विचारलं नाही. "येते," म्हणाली आणि गेली. नियाजभाईंनी कात्री उचलली आणि बराच वेळ कापायला काहीच नसताना हातात धरून बसले.

मॅचची बातमी त्यांना कानांनी कळत होती आणि उरलेली चंपाबाई आणत होत्या. त्या बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीवर कामाला होत्या आणि दर दहा मिनिटांनी पाणी प्यायला येत. पहिला सेट लुचिल्लानं घेतला, सहा-दोन. दुसऱ्यात मध्येच आवाज बदलला. चेंडू वर गेल्यावर जी शांतता होते ती लांबली. पुन्हा लांबली. नियाजभाईंचे हात थांबले. पोरीला समजलं होतं. दुसरा सेट अक्षताचा, सहा-तीन.

तिसऱ्या सेटमध्ये पाच-पाच झालं आणि मग कोर्टावरून एकदम हशा आला. चंपाबाई धावत आल्या.

"अहो, त्या सुशीलाबाई खालून देतायत बॉल! हात वरच करत नाहीत. अंगणात पोरं खेळतात तसं!"

"चालतं तसं. नियमात आहे."

"पण लोक हसतायत की."

"पॉइंट कुणाला मिळाला?"

चंपाबाई पुन्हा पाहायला गेल्या. पॉइंट लुचिल्लाला मिळाला होता. मागे उभी राहून वाट पाहणाऱ्या अक्षताला पुढे धावून तो मेलेला चेंडू उचलता आला नव्हता. तसे आणखी तीन. हशा थांबला. सात-पाच. लुचिल्ला फायनलला गेली.

रावसाहेब सरळ व्हरांड्यात आले. "झालं समाधान?"

"दोघींच्या तारा टिकल्या," नियाजभाई म्हणाले. "माझं समाधान तेवढंच असतं."

पण डबा त्यांनी उघडला नाही. थोड्या वेळानं अक्षता येऊन पायरीवर बसली, डोक्यावर टॉवेल घेऊन. नाक ओढत होती.

"काका, तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो."

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

तिनं टॉवेलनं नाक पुसलं. "मला दुसऱ्या सेटमध्ये कळलं. तोपर्यंत मी बॅकहँडलाच मारत बसले होते." मग टॉवेल काढून म्हणाली, "मला आत्ता तुमचा राग आलाय."

"येऊ दे."

"उद्यापर्यंत जाईल बहुतेक."

"घाई नाही."

ती उठून गेली. नियाजभाई कूलरचा नळ गळत होता तिकडे पाहत राहिले.

रविवारी सकाळी लुचिल्ला तिन्ही रॅकेटी घेऊन आली. उजवा हात तिनं अंगाला धरला होता आणि पिशवी डाव्या खांद्यावर होती.

"किती?" नियाजभाईंनी विचारलं.

"कापा."

"आणि कितीनं भरू?"

"भरू नका. नुसत्या कापा. मी आज खेळत नाही. कमिटीला सांगितलंय. फायनलमधल्या थायलंडच्या मुलीला कप मिळेल." पिशवी खाली ठेवत तिनं पुढचंही सांगितलं, "उद्याही खेळत नाही. नंतरही नाही."

नियाजभाईंनी पहिली रॅकेट मशीनवर चढवली. रॅकेट ठेवूनच द्यायची असेल तर तार मधून कापत बाहेर जावं लागतं, नाही तर चौकट एका अंगाला ओढून वाकते. त्यांनी मधली तार कापली, मग डावीकडची, मग उजवीकडची. ती बघत होती.

"एवढं दुखत होतं, तर काल कशाला खेळलीस?" पहिल्यांदाच त्यांनी खांद्याचा विषय काढला होता.

"काल सेमीफायनल होती," ती म्हणाली, जणू यात विचारण्यासारखं काय आहे. मग म्हणाली, "ती मुलगी चांगली आहे. तिला कुणी सांगितलं खांद्याचं?"

"कुणी नाही. तिनं बघितलं."

"मला वाटलं तुम्ही."

"नाही."

"सांगितलं असतंत तरी मला वाईट वाटलं नसतं. ती तुमची आहे."

नियाजभाईंनी दुसरी रॅकेट घेतली. डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं झालं म्हणून त्यांनी चष्मा पुसला आणि काच आणखी खराब केली. तिन्ही रॅकेटी मोकळ्या झाल्यावर तिनं एकीतून हात आरपार घालून पाहिला आणि हसली. मग पायरीवर बसली आणि रडली. फार नाही. चंपाबाईंनी तिला पाणी दिलं. अकराला तिची गाडी आली.

पुढच्या वर्षी क्लबच्या कमिटीनं गटिंग दुसऱ्याला दिलं. नियाजभाईंना पत्र आलं, त्यात त्यांच्या सेवेबद्दल आभार होते आणि नाव चुकलं होतं. अक्षताचा राग जायला एक दिवस नाही, चौदा दिवस लागले. पंधराव्या दिवशी ती तुटलेली तार घेऊन दुकानात आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली की ती आता खालून सर्व्हिस करायला शिकतेय आणि रावसाहेब सर त्यावरून रोज ओरडतात.

"चेंडू कुठं पडतो?"

"जाळीत."

"मग ओरडू दे त्यांना अजून थोडे दिवस."

स्पर्धेनंतरच्या मार्चमध्ये नियाजभाईंच्या फोनवर लुचिल्लाचा फोटो आला. तिच्या गावातलं लाल मातीचं कोर्ट, सहा-सात वर्षांची दहा-बारा मुलं आणि मध्ये ती. खातूननं फोन लांब धरून पाहिला.

"उजवा हात खिशात घातलाय बघा. दुखतोय अजून."

"हो."

"आणि ही पोरं बघा. रॅकेट पोरांपेक्षा मोठी."

नियाजभाईंनी फोन घेतला आणि फोटो मोठा करून पाहिला. खातूनचं बरोबर होतं. त्यांनी आधी लिहिलं, विश्रांती घे. ते खोडलं. मग बराच वेळ एकेक अक्षर शोधत लिहिलं की मुलांच्या रॅकेटींच्या मुठी जाड आहेत, तासून घे, आणि ते कसं करायचं तेही.