चार बोटं

मी या नामांकित नाट्यगृहाच्या दारातला रॅम्प बोलतोय, आणि खरं सांगायचं तर मला माझीच शिसारी येते.

जन्मलो तेव्हा असं नव्हतं. गवंड्यानं माझा उतार जीव लावून घोटला होता. पण मी वाळतोय न वाळतोय तोच व्यवस्थापकांना दालनात संगमरवर हवासा वाटला. जुन्या फरशीवरच नवी फरशी चढवली, आणि माझ्या माथ्याशी चार बोटांची पायरी तयार झाली. गवंडी म्हणाला, "साहेब, दोन दिवस द्या, रॅम्प वर घेतो."

"चार बोटं तर आहेत. कोण बघतंय?"

कुणीच बघितलं नाही. तपासणीला पाच जण आले, पाचही धडधाकट. गप्पा मारत माझ्यावरून चढले, पायरी ओलांडली आणि 'उत्तम सोय' असा शेरा मारून गेले. चाकावरच्या एखाद्याला बोलवावं, हे एकाच्याही टाळक्यात आलं नाही. एरवी माझ्यावर कुंड्या असतात, नाहीतर व्यवस्थापकांची स्कूटर.

परवा संध्याकाळी बाई आल्या. तीस वर्षं याच रंगमंचाच्या विंगेत उभ्या राहून नटांना वाक्यं पुरवणाऱ्या. आता पाय गेलेत. गेल्या वर्षी चौघांनी त्यांना कपाट उचलावं तसं पायऱ्यांवरून नेलं होतं, सगळ्या गर्दीदेखत. तेव्हापासून त्या इथे फिरकल्या नव्हत्या. पण परवा त्यांच्या लेकीचा पहिला प्रयोग होता. फोन करून विचारलं, तर व्यवस्थापक म्हणाले, "झोकात या बाई, रॅम्प झालाय."

एकट्याच चाकांची खुर्ची हातांनी रेटत वर आल्या. चेहरा असा खुलला होता! पायरीशी पुढची चाकं अडली. मागे घेऊन पुन्हा रेटली, पुन्हा अडली.

"एवढंच ना? या रे चौघं, उचला बाईंना," व्यवस्थापक म्हणाले.

"हात लावायचा नाही."

"हट्ट कशाला, बाई? चार बोटं तर आहेत."

"चारच होती ना? मग काढायला काय झालं होतं?"

तिसरी घंटा झाली. दारवान दार ओढू लागला.

"राहू दे रे उघडं. तिचा आवाज तरी ऐकते."

"एसीचा गारवा जातो, बाई," तो खाली बघत म्हणाला, आणि दार लागलं.

मध्यंतरापर्यंत बाई माझ्यावर बसून होत्या. मग लोक चहाला बाहेर पडले, त्यांना वळसा घालून गेले. "रॅम्प केलाय हं यांनी, छान केलं," एक गृहस्थ बायकोला म्हणाले. बाईंनी खुर्ची वळवली आणि त्या निघून गेल्या. आत लेकीचा अर्धा प्रयोग अजून बाकी होता.

शी! असल्या कौतुकाला आग लागो. वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कुणाचं वजन असेल तर एक घण आणा आणि त्या संगमरवरावर घाला. ते जमत नसेल तर माझ्यावर घाला. निदान माझ्या भरवशावर कुणी घरून निघणार तरी नाही.