कळफलकाखालचं पत्र

मित्रांनो, मी सुरतच्या पांडेसऱ्यातल्या एका कापड रंगवणाऱ्या मिलमधला जुना संगणक आहे. एका पत्राची आठवण झाली की मला आजही किळस येते. पत्राची नाही, ते माझ्या कळफलकाखाली ज्या अवस्थेत पडून होतं त्याची. वर चहाचे गोल डाग, घडीत गुटख्याची पूड, आणि तोवर उत्तर कोणी दिलेलंच नव्हतं.

मी मिलमध्ये आलो तेव्हा लोक चपला काढून मला बघायला येत. योगराज नावाच्या तरुणाने माझ्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. कापडाचं वजन घातलं की कोणता रंग किती टाकायचा, ते मी छापून देई. शेठनी हुकूम काढला, संगणक सांगेल तेवढाच रंग टाकायचा, अंदाज बंद.

प्रोग्रॅम लिहिण्याची जागा वेगळी असावी लागते आणि कामाची वेगळी. लिहिलेलं आधी तपासायचं, मगच त्याची प्रत कामाच्या जागी बसवायची. योगराज सुरुवातीला तसंच करी. पुढे "रोज रोज कोण बसवत बसेल?" म्हणत त्याने कामाची प्रत काढूनच टाकली आणि रंगखातं थेट आपल्या लिहायच्या फाइलीला जोडलं. चुलीवर कच्चं शिजतंय त्याच पातेल्यातून पंगत वाढायला घेतल्यासारखं.

एका दुपारी लाल रंगाचा हिशेब निम्मा बदलून तो तसाच चहाला गेला. तेवढ्यात रंगारी हिलाल आले. मी तो अर्धवट हिशेबच छापून दिला. फिक्या गुलाबी साड्यांचा अख्खा घाणा भडक लाल होऊन बाहेर आला.

"शेठ, यंत्रनी सांगं, तेच मी टाकं," हिलाल म्हणाले.

"मशीन जूठुं नथी बोलतुं, खोटं नाही बोलत. तू घरी जा," शेठ म्हणाले.

योगराज शेजारीच उभा होता. मागाहून त्याने गुपचूप फाइल दुरुस्त केली. माझ्या पंख्यात तेलकट वाफेने चिकटलेला धाग्यांचा गोळा मला त्याच्या बोटांपेक्षा स्वच्छ वाटला.

मग त्याच्या नावे हिलालचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, रंग बिघडवणारा म्हणून मला कोणतीच मिल दारात उभं करत नाही, चूक माझी नव्हती एवढं दोन ओळींत लिहून दे. योगराजने ते वाचून माझ्या कळफलकाखाली सरकवलं आणि वर भजी खाल्ली.

पुढे चैताली ही नवी प्रोग्रॅमर आली. बसण्याआधी तिने कळफलक उलटा करून झटकला.

"शी, योगराजभाई, तुम्ही यात जेवता का काम करता?"

पूड, केस आणि भज्यांचा चुरा पडला. खाली चिकटलेलं पत्रही तिच्या हाती आलं. तिने ते वाचलं, मग माझ्यातल्या फाइली पाहिल्या.

"म्हणजे तुम्ही इथे आकडा खोडला की तिकडे रंग बदलतो?"

"हो."

"त्या दिवशीही?"

योगराजने खाली पडलेला चुरा हाताने गोळा केला. "हो."

"मग शेठना मी सांगू, का तुम्ही?"

"मीच सांगतो."

चैतालीने त्याच दिवशी कामाची वेगळी प्रत बसवली. मित्रांनो, मला पुसा, माझ्यावर खाऊ नका. पण त्याहून आधी, आपलं कच्चं काम दुसऱ्याच्या ताटात वाढू नका.

योगराजने चिकट कळा दाबत टाइप केलं, 'हिलालभाऊ, चूक माझी होती.' शेठनी शिव्या देत खाली सही केली. पाकीट टपालपेटीत टाकून योगराज परत आला, तेव्हा त्याच्या बोटांना तिकिटाचा डिंक लागला होता. तो माझ्या कळांना चिकटला. तेवढ्यापुरती मला किळस आली नाही.